खांदे नाई जात

मूल जन्माला आलं की आपण आधी काय बघतो? मुलगा की मुलगी ते बघतो, रडलं का ते बघतो. आमच्या दवाखान्यातली दाई यातलं काहीच आधी बघत नसे. नाळ कापायच्याही आधी त्या ओल्या, निसटत्या जिवाच्या पाठीवर ती आपला हात आडवा ठेवायची. अंगठा एका खांद्याला, बोट दुसऱ्या खांद्याला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि मग पोर माझ्या हातात देत म्हणायची, "बराबर हाय. घ्या नरसबाई."

"अगं, आधी डोकं बघ. डोकं मोठं आहे का, सुजलंय का," मी ओरडायची.

"डोक्याचं काय घेऊन बसल्या बाई? डोकं कुठूनई जाते. खांदे पाहा, खांदे."

मला वाटायचं, ही बाळंतपणाची गोष्ट करते आहे. नागपूरला आम्हाला शिकवलेलंही तसंच होतं. डोकं बाहेर आलं की बायका सुटलो म्हणतात, पण कधीकधी खरी अडचण तिथूनच पुढं सुरू होते, खांद्यापाशी. न शिकलेल्या बाईला हे किती बरोबर ठाऊक आहे, असं मी मनात म्हणायची आणि कामाला लागायची. तिच्या डोक्यात बाळंतपण नव्हतंच, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्याचा. आमचा दवाखाना आरमोरीपासून बैलगाडीनं अर्धा दिवस आत होता. कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या दोन खोल्या, पुढं पडवी, मागं बोडी. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. तुम्ही तिकडचे नसाल तर सांगायला हवं. डॉक्टर यायचे, पण ते यायचे तेव्हा यायचे. एरवी कारभार माझा, आणि खरं बोलायचं तर तिचा. सरकारी भाषेत ती दवाखान्याची दाई. झाडलोट करायची, पाणी उकळायची, कंदील धरायची, खेड्यापाड्यातून बोलावणं आलं की माझ्याआधी पायात वहाणा घालून उभी असायची. उंच, काटकुळी, गालफडं बसलेली बाई. हात मात्र तिचे नव्हेत असे वाटायचे. लांब, मऊ, आणि इतके सावध की झोपलेल्या पोराखालचं फडकं ती त्याला जाग न येता काढून घ्यायची.

आमचं भांडण रोजचं. मी साबणावरून ओरडायची, ती हसायची. बाळंतिणीच्या सासवांना ती बजावायची, "हात धुवा बाप्पा आधी, नाईतर नरसबाईचा देव कोपते." त्या बिचाऱ्या खरंच साबणाला हात जोडून मग हात धुवायच्या. मी रागवायची, पण हात धुतले जात होते, तेव्हा माझी तक्रार कसली?

एका बाजारच्या दिवशी चुलीवर पट्ट्या उकळत ठेवून ती नाहीशी झाली. पातेल्यातलं पाणी आटलं, पट्ट्या करपायला आल्या. मी तणतणत तिला शोधायला निघाले. बाजारात चिंचेखाली गर्दी होती. बांबू तोडणाऱ्या मजुरांनी एक अजगर मारून लांब लाकडी बल्लीला बांधून आणला होता. ही त्याच्या डोक्याशी उकिडवी बसलेली. दोन काड्यांनी त्याचा जबडा तिनं फाकवला, आत मूठ घातली. मूठ गेली. मग तिनं मूठ काढली, हवेत एक वीत पसरली, दुसऱ्या हाताची दोन बोटं तिला जोडली आणि तेवढं अंतर तसंच धरून त्या तोंडाजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिली.

"नाई," ती म्हणाली. "डोकं जाते. खांदे नाई जात."

लुगड्याला हात पुसून ती उठली आणि माझ्या पुढं पुढं चालत येऊन पातेल्यात पाणी ओतायला लागली. माझ्या चटकन लक्षात आलं ते एवढंच, की ती जबड्यात हात घालत असताना त्या गर्दीतलं कोणीही हसलं नव्हतं. बाजारची गर्दी होती ती, एरवी मयताच्या मागंही थट्टा करणारी.

दुपारी पट्ट्या वाळत घालताना तिनं आपणहून सांगितलं. रडत नव्हती. दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसं सांगत होती.

चैत्रात मोह पडतो. बायका उजाडायच्या आधी जंगलात जातात, झाडाखाली पडलेली फुलं वेचतात. हिचं पोरगं तीन वर्षं उलटलेलं. घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तिनं त्याला झोपेतच उचलून नेलं आणि झाडाखाली लुगड्याच्या धडप्यावर निजवलं. एका झाडाखालचं वेचून झालं, ती पुढच्या झाडाकडं सरकली. परत आली तेव्हा धडपं होतं, पोरगं नव्हतं. सगळं गाव जंगलात उतरलं. पोर मिळालं नाही. नाल्याच्या खडकावर मात्र एक मोठा अजगर ऊन खात पडलेला लोकांनी पाहिला. माणसं जवळ जाईपर्यंत तो दरडीत शिरला. संध्याकाळपर्यंत गावानं ठरवून टाकलं, पोर अजगरानं गिळलं. गावाचंही बरोबरच असतं. काय झालं ते एकदा ठरलं की रडता येतं, आणि रडून झालं की चूल पेटवता येते.

हिनं ते मानलं नाही.

"म्या बी पाह्यला ना बाई तो अजगर. मांडीएवढा होता. डोकं गेलं असतं, मी नाई म्हणत नाई. पण माह्या पोराचे खांदे एवढे." पुन्हा ती वीत, पुन्हा ती दोन बोटं. "आदल्या दिवशी तेल लावून आंघोळ घातल्ती म्या त्याले. हात इसरत नाई बाई."

"मग पोर गेलं कुठं?"

"त्या सकाळी रस्त्यानं बांबूच्या गाड्या चालल्या होत्या चांद्याकडं. पोरगं उठलं असन, मले पाहत रस्त्यावर गेलं असन. रडते म्हणून कोणी घेतलं असन गाडीत. माणूसच तो. लेकरू रडून राह्यलं त सोडून कसा जाईन?"

ती चांद्याला जाऊन आली होती. तिथल्या परकोटाच्या म्हणजे तटाच्या चारही वेशींना बसून आली होती. ब्रह्मपुरीच्या बाजारात फिरली होती. आणि आमच्या गावच्या बाजारातही, भाजी घेता घेता, तिची नजर सारखी पोरांच्या पाठीवर असायची. तोंडाकडं ती बघतच नसे. तोंडं बदलतात म्हणायची. सासरच्यांनी पोराचं क्रियाकर्म करायचं म्हटलं तेव्हा तिनं दारात आडवं पडून ते होऊ दिलं नाही. जिवंत पोराची माती कशी करता, म्हणाली. नवरा वाईट नव्हता. त्यानं वाट पाहिली. मग दुसरी केली. तेव्हा ही आपलं गाठोडं घेऊन निघाली आणि आईची विद्या हातात होती म्हणून आमच्या दवाखान्यात लागली.

आता तुम्हाला कळलं असेल, तिचा सगळा संसार कशावर उभा होता. एका सापाच्या तोंडात एवढं मोठं पोर मावत नाही, एवढ्याच गोष्टीवर. मावत नाही तर पोर आहे, कुठं का असेना. आणि मावत असेल तर मग काहीच नाही.

म्हणून सापाच्या गोष्टी तिच्यापुढं सांगायची सोय नव्हती. आमचा नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा रखवालदार, गप्पांचा सुकाळ. त्याची बदली सूरजागडच्या डोंगराकडून आमच्याकडं झालेली. एकदा पायाला काटा मोडला म्हणून आला आणि पडवीत बसून सांगायला लागला, की तिकडच्या अजगरानं मोठ्या शिंगांचा चितळ अख्खा गिळलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला. ही आत पाणी तापवत होती. तशीच बाहेर आली.

"शिंगं कोणीकडून गेले भाऊ?"

"अं?"

"शिंगं. आधी गेले का मागून गेले?"

"शिंगं बाहेर ठेवून बसला होता तो," नाकेदार म्हणाला. "सडून गळून पडेपर्यंत. बसते तो तसा, महिना-महिना."

"अन् तुमी बी बसले होते का महिनाभर, पाहत?"

नाकेदार माझ्याकडं बघायला लागला. मी काटा काढण्यात गुंग असल्याचं दाखवलं.

"खांदे किती रुंद होते त्याचे? हातानं दाखवा." नाकेदारानं हात फाकवले. "एवढे? अन् अजगर किती जाडा?" त्यानं पुन्हा हात फाकवले. "पाह्यलं नाई तुमी," ती म्हणाली. "आयकलं हाय. पाह्यलं असतं त हात एका जागी राह्यले असते." त्या माणसानं पुढं दवाखान्यात येताना सापाचं नाव काढलं नाही. वाघावर मात्र तो बोलायचा, वाघाचं तिला काही नव्हतं.

आणखी एक दिवस आठवतो, तिचा सगळ्यात सुखाचा. बोडीच्या बांधावर एका धामणीनं घूस धरली होती. घूस म्हणजे मांजराएवढा उंदीर. धामण लांबलचक पण अंगानं बारीक. शेतातला गडी काठी घेऊन धावला, तर हिनं त्याला अडवलं आणि आम्ही दोघी जेवण टाकून बांधावर बसलो. सापाला गिळताना तुम्ही पाहिलंय का? तो गिळत नाही, चढतो. आधी एका बाजूचा जबडा पुढं टाकतो, मग दुसऱ्या बाजूचा. घुशीवर तो तोंडानं चालत होता. डोकं आत गेलं. तोंडाची कातडी इतकी ताणली की खवल्यांमधली पांढरी रेघ दिसायला लागली. मग खांद्याशी येऊन तो थांबला. पुन्हा सरसावला, पुन्हा थांबला. ऊन डोक्यावरून कललं. माझे पाय आखडले. ती हललीदेखील नाही. शेवटी धामणीनं मान उलटी ओढायला सुरुवात केली, थोडी थोडी करत ती घूस बाहेर सोडली आणि रिकाम्या पोटानं धानात निघून गेली.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "पाह्यलं ना बाई तुमी? तुमी साक्षी हाय."

त्या संध्याकाळी तिनं शेजारपाजारच्या पोरांना गूळ वाटला. कशाचा म्हणून विचारलं तर म्हणे, असाच.

मी तिला काही म्हणत नसे. काय म्हणणार? आठ वर्षांचं, नऊ वर्षांचं होत जाणारं एक पोरगं तिच्या डोळ्यांपुढं चांद्याच्या गल्लीत कुठंतरी हुंदडत होतं, त्याला मी कोणत्या तोंडानं हात लावू? पण मला भीती वाटायची. इतक्या अरुंद गोष्टीवर माणसानं सगळा भार टाकू नये, असं मला राहून राहून वाटायचं.

मधूनच एकदा तिचा नवरा आला. सरळ नाकाचा, दमलेला माणूस. पडवीच्या पायरीवर बसला, वर आला नाही. त्याच्या दुसऱ्या बायकोची दोन लेकरं पोटातच गेली होती. गाव म्हणत होतं, पहिल्याची माती झाली नाही, ते भटकते, दुसऱ्याला येऊ देत नाही. त्यांच्याकडची रीत अशी होती, की ज्या लेकराचं शरीर मिळालं नाही त्याची गवताची बाहुली करायची आणि ती आईनं स्वतःच्या हातानं मातीत ठेवायची. दुसऱ्या कोणी ठेवलेली चालत नाही.

"तू फक्त ये," तो म्हणाला. "बाकी सारं मी करतो. ती पुन्हा गरवार हाय."

"जित्या पोराले माती देऊ?"

"जिता कुठी हाय तो? इतके साल झाले."

तिनं वीत पसरली, दोन बोटं जोडली. तो माणूस ते हात बघत राहिला. त्यानं ते किती वेळा पाहिले असतील. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून तो उठला आणि मलाच नमस्कार करून गेला. मला त्या दिवशी त्याचीही दया आली आणि तिचाही राग आला, आणि दोन्ही तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. रात्री ती जेवली नाही, मीही तिला आग्रह केला नाही.

त्याच उन्हाळ्यात एक अजगर सापडला. पाणवठ्याजवळ, फुगून जागच्या जागी पडलेला. मजुरांनी कुऱ्हाडीनं तोडला. निरोप आला तशी ती निघाली आणि तिच्या मागं मी. आम्ही पोचलो तोवर त्यांनी पोट फाडून आतलं जनावर बाहेर ओढलं होतं. चितळाची मादी होती, पुरी वाढलेली. अंगावरचे केस ओले होऊन चापून बसलेले, ठिपके तसेच स्पष्ट. कुठं जखम नाही. झोपेतून काढून आणल्यासारखी.

तिनं वीत लावली. वीत आणि दोन बोटं केव्हाच संपली, तरी जनावराची छाती उरली होती. तिनं पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली.

मला ते बघवलं नाही. मी खाली बसले आणि त्या चितळाचा पुढचा पाय धरून छातीशी दाबला. तो मिटला. अगदी सपाट मिटला. मला एकदम शिकलेलं आठवलं.

"दाई, इकडं बघ. हे बघ. जनावराला हासळी नसते. त्याचे पुढचे पाय नुसते मांसानं लटकलेले असतात, दाबले की मिटतात. आपलं तसं नाही." मी तिचा हात घेऊन तिच्याच गळ्याखाली ठेवला. "ही दोन आडवी हाडं. ही मिटू देत नाहीत."

तिनं दोन्ही अंगठ्यांनी आपली हाडं चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे आडवं येते," ती म्हणाली.

"येतं."

"म्हणून नाई जात."

"म्हणून."

परत येताना ती माझ्यापुढं झपाझपा चालत होती. त्यानंतर कित्येक दिवस ती दवाखान्यात आलेल्या पोरांच्या गळ्याखालून बोट फिरवायची आणि त्यांच्या आयांना सांगायची, "देवानं माणसाले आडवी कडी लावून देल्ली हाय बाप्पा." मीही खूश होते. औषधाच्या कपाटातलं काही देऊन मी कधी कोणाला इतकं बरं केलेलं मला आठवत नाही.

श्रावणात एका दुपारी बैलगाडी येऊन थांबली. वरून पाऊस, गाडीवर ताडपत्री. गाडीच्या मागं चिखलात चालत आलेला माणूस तिचा नवरा होता आणि गाडीत त्याची दुसरी बायको, आदल्या दिवसापासून अडलेली.

ती क्षणभर दारात उभी राहिली. मग गाडीत चढून त्या बाईला तिनं स्वतः उचललं. "घाबरू नोको," म्हणाली. "मी हाय ना." त्या पोरीला ही कोण ते ठाऊक होतं. तिनं हिच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला लागली.

डोकं आलं. आणि तिथंच सगळं थांबलं. मी ओढून पाहिलं, पाय वर घ्यायला लावले, पोट दाबलं. पोराचं तोंड जांभळं पडत चाललं. माझ्या हातांतलं बळ संपलं. "सरका बाई," म्हणून तिनं मला बाजूला केलं. डोळे मिटून दोन बोटं आत सारली, अंगठा टेकवला.

सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. खांदा मिटला आणि पोरगं तिच्या हातात घसरून आलं.

यात नवीन काही नव्हतं. अडलेल्या पोराची हासळी मोडून त्याला काढणं ही तिच्या आईची रीत, तिचीही रीत. मी आल्यापासून तिनं असं केलेलं मी पाहिलं होतं, आणि पोरं वाचली होती. हाड पुढं आपोआप जुळतं. इतकी वर्षं तिचे हात हे करत आले आणि इतकी वर्षं तिचं मन दुसरीकडं दुसरंच मोजत राहिलं. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. माझ्याही मनात भेटल्या नव्हत्या.

पोरगं रडलं. मुलगा होता. मी वाट पाहिली, पण तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती आपल्या अंगठ्याकडं बघत होती. मग पोर माझ्याकडं देऊन ती बाहेर गेली.

आतलं आवरून मी गेले तेव्हा ती पडवीत खांबाला टेकून बसली होती. पागोळ्यांचं पाणी पायांवर उडत होतं, तिनं पाय मागं घेतले नव्हते.

"मोडते बाई," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले.

"काडीवानी मोडते. माह्याच हातानं म्या किती पोराईच्या मोडल्या. मले कसं नाई सुचलं? अन् तो त आवळते. आधी आवळते, मंग गिळते."

"दाई, ते नुकतं जन्मलेलं पोर. तुझा तीन वर्षांचा होता. त्याचं हाड कडक झालेलं असतं. ते असं नाही मोडत." मी तोंडाला येईल ते बोलत होते. मला ठाऊक असलेलं, नसलेलं, सगळं. धामणीची आठवण दिली, चांद्याच्या गाड्यांची दिली.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला समजावत असल्यासारखा.

"राहू द्या आता बाई."

ती उठली आणि बैलांपाशी भिजत उभ्या असलेल्या नवऱ्याकडं गेली. "पोरगं चांगलं हाय," तिनं सांगितलं. "उजवा हात अंगाशी बांधून देतो. हालवू नोका. जुळन." मग म्हणाली, "अन् पाऊस उघडला की मी येतो. त्याची माती करू."

तो माणूस चिखलात खाली बसला.

ती खरंच हरली होती, की घरात आलेल्या नव्या लेकरासाठी तिनं आपलं लेकरू सोडून दिलं, हे मला आजही सांगता येत नाही. तिला विचारायची मला हिंमत झाली नाही. ती पुढं बरीच वर्षं दवाखान्यात होती. कामात कसूर नव्हती. फक्त बाजारात गेली की भाजीकडं बघायची. आणि मला ते बघून चीड यायची, कोणाची ते कळत नसे.

पाऊस उघडल्यावर आम्ही तिच्या सासरच्या गावी गेलो. शेताच्या धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, लहान मुलांना पुरायची जागा होती. नवरा होता, त्याचा थोरला भाऊ होता, गावातली दोन-चार म्हातारी माणसं होती. रीतीप्रमाणं बाहुली हातभर असते, तेवढ्याच मापाचा खड्डा त्यांनी खणून ठेवला होता. ती गाडीतून उतरली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. आदल्या दिवशी दार लावून तिनं धानाच्या तणशीचं ते केलं होतं, मला हात लावू दिला नव्हता. तणशीवर पळसाची पानं शिवली होती. तीन वर्षांच्या पोराएवढं होतं ते. तिनं ते खांद्यावर घेतलं होतं, झोपलेल्या पोराला घेतात तसं, मानेखाली हात देऊन.

ती खड्ड्याशी बसली आणि दोन्ही हातांनी तिनं त्याला खाली सोडलं. पाय गेले, कंबर गेली, आणि मग ते अडलं.

"दाबून बसव," थोरला दीर हळूच म्हणाला.

नवरा पुढं झाला. वाकून त्यानं तळहात टेकवला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"दाबू नोका त्याले," ती म्हणाली. "खड्डा रुंद करा."

तिनं पोराला पुन्हा वर घेऊन मांडीवर ठेवलं. नवऱ्यानं कुदळ उचलली.